वाचणाऱ्याला विचारून लिहिलेलं

तहसील कार्यालयाच्या फलकावर पुढची सूचना लावलेली आहे, अशी कल्पना करा.

“संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतर्गत लाभ घेत असलेल्या सर्व लाभार्थ्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, ज्या लाभार्थ्यांनी अद्याप हयातीचा दाखला सादर केलेला नाही, अशा लाभार्थ्यांनी सदर दाखला आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत या कार्यालयास सादर करावा, अन्यथा त्यांचे अनुदान स्थगित करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.”

हा नमुना मी रचलेला आहे, पण असली मराठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ४५ शब्दांचं हे एकच वाक्य आहे. संजय गांधी योजनेचा आधार ज्यांना मिळतो त्यांत विधवा आहेत, दुर्धर आजाराचे रुग्ण आहेत आणि दिव्यांगही आहेत. दिव्यांगांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती येतात. म्हणजे ही सूचना ज्यांच्या पोटापाण्याशी जोडलेली आहे, त्यांतल्या अनेकांना तिचा अर्थच लागणार नाही. अर्थ लागला नाही की दाखला राहतो, दाखला राहिला की पैसे थांबतात. पैसे का थांबले, हे त्या माणसाला पुढे कितीतरी दिवस कळत नाही.

अशा वाचकांसाठी लिहिण्याची एक पद्धत जगात गेल्या पन्नास-साठ वर्षांत घडत आली आहे. इंग्रजीत तिला ‘ईझी रीड’ म्हणतात, आपण तिला सुलभ वाचन म्हणू. या प्रकरणात तिची घडण पाहू आणि ती मराठीत आणायची तर काय करावं लागेल, तेही पाहू.

वाचक कोण?

बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं वाचायला त्रास होतो, पण तेच कुणी वाचून दाखवलं तर तो सगळं समजून घेतो. बौद्धिक अक्षमतेत तर्क करणं, नवं शिकणं आणि रोजचे व्यवहार सांभाळणं या सगळ्यालाच मर्यादा असतात, आणि त्या लहानपणापासून असतात. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द या दुसऱ्या गटासाठी वापरतात. भारताच्या २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद सुमारे १५ लाख इतकी झाली. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज साधारण शंभरात एक असा आहे. तो धरला तर आपली खरी संख्या याच्या कित्येक पट भरेल.

यांतल्या बहुसंख्य व्यक्तींची अक्षमता सौम्य असते. अनेक जण सावकाश का होईना, वाचतात. काही जण दुसऱ्याने वाचून दाखवलेलं नीट समजून घेतात. त्यांचे अडथळे ठरावीक जागी असतात. एका वेळी फार गोष्टी डोक्यात धरून ठेवता येत नाहीत. ‘पात्रता’, ‘तरतूद’ यांसारख्या अमूर्त शब्दांमागे डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. जे लिहिलेलं नाही आणि अंदाजाने ताडायचं आहे, ते निसटून जातं. सरकारी सूचना नेमकी याच तीन जागी वाचकाला अडवते.

वाचता न येण्याची किंमत पैशांपुरती राहत नाही. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूंची एक सखोल चौकशी झाली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. बाकी लोकांच्या तुलनेत या गटातले पुरुष सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं लवकर मरण पावत होत्या. त्यामागे अनेक कारणं होती: निदानाला उशीर, उपचारांत ढिलाई, रुग्णाचं म्हणणं कुणी ऐकून न घेणं. ज्याला तपासणीचं पत्र समजत नाही तो तपासणीला जात नाही, आणि गोळी का घ्यायची हे ज्याला कळलेलं नाही तो ती सोडून देतो. पुढे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एक नियम केला आणि तो १ ऑगस्ट २०१६ पासून बंधनकारक झाला. रुग्णाला माहिती कोणत्या रूपात हवी हे विचारायचं, त्याची नोंद करायची, ती ठळक दिसेल अशी ठेवायची, गरजेप्रमाणे दुसऱ्या विभागाला कळवायची आणि त्या रूपातच माहिती द्यायची. पत्र रुग्णाला समजेल असं करणं हे त्या दिवसापासून रुग्णालयाचं काम झालं.

स्वीडनची आठ पानं

या कामाची पहिली पावलं स्वीडनमध्ये पडली. तिथे १९६८ साली सरकारच्या पुढाकाराने सुलभ वाचनाची पुस्तकं काढायला सुरुवात झाली. १९८४ मध्ये ‘आठ पानं’ अशा अर्थाच्या नावाचं एक वर्तमानपत्र निघालं आणि ते आजही चालू आहे. त्यात राजकारण असतं, परदेशच्या बातम्या असतात, खेळ असतो. जे मोठ्या वर्तमानपत्रात येतं तेच इथे छोट्या वाक्यांत, संदर्भ उलगडून सांगितलेलं असतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाला शेजारच्या देशातल्या निवडणुकीत रस असू शकतो, ही या वर्तमानपत्रामागची श्रद्धा आहे. पुढे नॉर्वे आणि फिनलंडमध्येही अशी वर्तमानपत्रं निघाली. नव्याने आलेले स्थलांतरितही ती वाचू लागले.

दुसरा प्रवाह खुद्द अक्षमता असलेल्या लोकांच्या चळवळीतून आला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९७४ साली ‘पीपल फर्स्ट’ नावाचा गट उभा राहिला. आम्ही आधी माणसं आहोत, अक्षमता नंतर, असं सांगणारा हा गट अक्षमता असलेले लोक स्वतः चालवत होते. या नावाचे गट पुढे अनेक देशांत निघाले. सभा आपणच चालवायच्या, ठराव आपणच करायचे, तर कागदही आपल्याला कळतील असेच हवेत, ही मागणी तिथून पुढे आली.

हे दोन प्रवाह २००९ मध्ये एका पुस्तिकेत एकत्र आले. ‘इन्क्लूजन युरोप’ या संस्थेने आठ देशांतल्या लोकांना सोबत घेऊन सुलभ वाचनाचे युरोपीय निकष तयार केले. त्यासोबतच्या एका पुस्तिकेचं नावच ‘आमच्याविना आमच्यासाठी लिहू नका’ अशा अर्थाचं आहे. वाक्यं लहान ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. एका गोष्टीसाठी शेवटपर्यंत एकच शब्द वापरा. टक्केवारी टाळा. अलंकारिक बोलू नका. अक्षर मोठं ठेवा. मजकूर डावीकडून सरळ लावा, दोन्ही बाजूंनी ताणू नका. हे सगळे नियम त्यात आहेतच. पण सगळ्यांत वजनदार नियम हा की, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनी वाचून तपासल्याशिवाय मजकुराला सुलभ म्हणायचं नाही.

तीच सूचना, दुसऱ्यांदा

आता सुरुवातीची सूचना या पद्धतीने लिहून पाहू. तारीख आणि कागदपत्रं उदाहरणापुरती घेतली आहेत.

तुम्हाला दर महिन्याला सरकारकडून पैसे मिळतात.
हे संजय गांधी योजनेचे पैसे आहेत.

हे पैसे चालू राहण्यासाठी तुम्हाला एक कागद द्यावा लागेल.
त्या कागदाचं नाव आहे हयातीचा दाखला.
तुम्ही जिवंत आहात, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं.

हयातीचा दाखला तहसील कार्यालयात द्या.
शुक्रवार, २८ मार्च हा शेवटचा दिवस आहे.
येताना आधार कार्ड आणा.
बँकेचं पासबुक आणा.

तुम्ही कुणाला तरी सोबत आणू शकता.

हयातीचा दाखला दिला नाही, तर पैसे थांबतील.
काही विचारायचं असेल, तर आम्हाला फोन करा.

आणि खाली फोन नंबर, मोठ्या अक्षरात.

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की मजकूर वाढला. सोपं म्हणजे थोडक्यात, हा समज इथे टिकत नाही. मूळ सूचनेने जे वाचकावर सोडलं होतं, ते इथे लिहावं लागलं. ‘विहित मुदत’ म्हणजे कोणता दिवस? ‘आवश्यक ती कागदपत्रं’ म्हणजे कोणती? सोबत कुणाला आणलं तर चालतं का? सुलभ मजकूर लिहायला बसलेल्या माणसाला ही उत्तरं कार्यालयाकडून मिळवावीच लागतात. काही वेळा असंही आढळतं की उत्तर कुणी ठरवलेलंच नव्हतं आणि जड शब्दांनी ती उणीव झाकली होती. सोपं लिहिण्याचा हा फायदा कार्यालयालाही होतो.

दुसरी गोष्ट क्रम. मूळ वाक्यात दंडाची भाषा शेवटी येते आणि कारण येतच नाही. नव्या मजकुरात आधी ओळखीची गोष्ट आहे (तुम्हाला पैसे मिळतात), मग काय करायचं, कुठे, कधी, काय घेऊन आणि शेवटी न केल्यास काय. करायची कामं एकेका ओळीत सुटी केली आहेत, म्हणजे एक झालं की बोट पुढच्या ओळीवर ठेवता येतं.

तिसरी गोष्ट, ‘हयातीचा दाखला’ हे नाव काढून टाकलेलं नाही. खिडकीवर गेल्यावर हाच शब्द कानावर पडणार आहे. जगात वावरताना लागणारा अवघड शब्द ठेवायचा, लगेच पुढच्या ओळीत उलगडायचा आणि मग शेवटपर्यंत तोच वापरायचा. एकदा दाखला, एकदा प्रमाणपत्र, एकदा सर्टिफिकेट असं केलं, तर वाचकाला ते तीन वेगळे कागद वाटतील. शाळेत आपल्याला शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवलं जातं. इथे पुनरुक्तीच वाचकाचा हात धरते.

मराठीच्या खास अडचणी

युरोपातले नियम जसेच्या तसे उचलून भागत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की कुणी, कुणाला, काय, कधी हे सगळं डोक्यात धरून शेवटपर्यंत थांबावं लागतं आणि ‘करा’ की ‘करू नका’ हे अगदी शेवटी कळतं. धरून ठेवणं ज्यांना जड जातं, त्यांच्यासाठी मराठीतलं लांब वाक्य म्हणूनच विशेष अवघड आहे. ‘ज्या लाभार्थ्यांनी... अशा लाभार्थ्यांनी’ या धाटणीची वाक्यं फोडून दोन करायला हवीत.

‘करण्यात येईल’ ही सरकारी मराठीची लाडकी रचना आहे. तिच्यात काम करणारा माणूस दिसेनासा होतो. ‘अनुदान स्थगित करण्यात येईल’ वाचून कुणाकडे दाद मागायची ते कळत नाही. ‘तहसील कार्यालय पैसे थांबवेल’ म्हटलं की कळतं.

संबोधनाचा प्रश्न नाजूक आहे. ‘आपण’ हा आदराचा शब्द ‘तुम्ही’साठी चालतो आणि ‘आपण सगळे’ या अर्थानेही. ‘आपण अर्ज भरावा’ हे वाचून कुणी भरायचा, असा गोंधळ होऊ शकतो. म्हणून ‘तुम्ही’ बरं. ‘तू’ मात्र कधीही नको. बौद्धिक अक्षमता असलेल्या पन्नाशीच्या माणसालाही आपल्याकडे सर्रास एकेरीत हाक मारतात, त्याच्याशी लहान मुलासारखं बोलतात. सुलभ मजकुराने ही सवय उचलता कामा नये. वाक्य सोपं असावं, वाचकाचा मान मात्र पूर्ण राहावा.

वेळ आणि आकडे यांतही मराठीची आपली वळणं आहेत. सव्वा, दीड, अडीच, पावणेचार हे शब्द बोलण्यात सहज येतात, पण ‘पावणेचार’ समजायला चार माहीत असून त्यातून पाव वजा करावा लागतो. त्यापेक्षा ‘दुपारी ३.४५’ लिहावं आणि शेजारी घड्याळाचं चित्र द्यावं. ‘दि.’, ‘वा.’, ‘रु.’ अशी संक्षिप्त रूपं पूर्ण लिहावीत. आकडे शब्दांऐवजी अंकांत असावेत. पण ते देवनागरी की इंग्रजी? मोबाइलच्या कळांवर आणि नाण्यांवर वाचकाला इंग्रजी अंक भेटतात, शाळेत कदाचित देवनागरी. ‘कागदाचं’ असं बोलण्यासारखं लिहावं की ‘कागदाचे’ असं छापील? जोडाक्षरं किती चालतील? युरोपीय निकष किमान १४ पॉइंटचं अक्षर सांगतात, पण त्याच मापात देवनागरी अक्षर बारीक दिसतं आणि वर-खालच्या मात्रांना ओळींमध्ये जास्त जागा लागते. मग किती माप धरायचं? या प्रश्नांची उत्तरं आपल्या टेबलाशी बसून मिळणारी नाहीत. ती मराठी वाचकांच्या गटासोबत बसूनच मिळतील.

चित्र किती मदत करतं?

चित्रांच्या बाबतीत भारताकडे मोठा अनुभव आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात साक्षरता साधारण १८ टक्के होती. कोट्यवधी निरक्षर मतदारांना मत देता यावं म्हणून पक्षांना चिन्हं दिली गेली. पुढे २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटोही येऊ लागला. नागरिकाला वाचता येत नाही म्हणून त्याला बाजूला न ठेवता मतदानाची पद्धत बदलायची, हा निर्णय या देशाने आपल्या पहिल्याच निवडणुकीत घेतला होता.

तरीही चित्र जोडलं की काम झालं, असं होत नाही. ब्रिटनमध्ये एका राजकीय जाहीरनाम्यावर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकुराला चिन्हं जोडल्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या वाचकांची समज आपोआप वाढली, असं त्यात दिसलं नाही. चिन्ह हीसुद्धा शिकावी लागणारी लिपीच आहे. म्हणून चित्र वाक्याच्या शेजारीच हवं, एका कल्पनेला एकच हवं आणि ओळखीचं हवं. परदेशी चित्रसंचातली बँक किंवा बसगाडी सोलापूरच्या वाचकाला परकी वाटेल. त्याला लाल एसटी, पासबुक आणि त्याच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाचा दरवाजा दाखवणारा फोटो हवा. प्रौढांच्या मजकुरात बालवाडीची कार्टून नकोत.

काही ठिकाणी चित्रांनी शब्दांची पूर्ण जागा घेतली आहे. ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी १९८९ मध्ये शब्दविरहित पुस्तकांची मालिका सुरू केली. आईचा किंवा वडिलांचा मृत्यू हे तिच्या पहिल्या पुस्तकांचे विषय होते. वाचक चित्र पाहून गोष्ट आपल्या शब्दांत सांगतो आणि सांगता सांगता स्वतःचं दुःख बोलून दाखवतो. दवाखाना, न्यायालय अशा विषयांवरही या मालिकेत पुस्तकं आली. माहिती पोचवणं हे बऱ्याचदा दोन माणसांनी शेजारी बसून करायचं काम असतं, हे ही पुस्तकं दाखवून देतात.

तपासणारा गट

मजकूर लिहून झाला की तो वाचकगटापुढे जातो. इथे एक सापळा असतो. ‘समजलं का?’ असं विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येतं. ज्यांना आयुष्यभर परीक्षेला बसवलं गेलं आहे, ते समोरच्याला बरं वाटेल असंच उत्तर देतात. म्हणून प्रश्न कृतीचे विचारायचे. हा कागद घरी आला तर तुम्ही काय कराल? कुठे जाल? सोबत काय न्याल? गेला नाहीत तर काय होईल? उत्तर चुकलं तर वाचक चुकला असं धरायचं नाही. वाक्य चुकलं, ते बदलायचं आणि पुन्हा दाखवायचं.

जर्मनी, ऑस्ट्रिया, ब्रिटन अशा देशांत मजकूर तपासणं हे पगाराचं काम झालं आहे. ज्यांना शाळेने ‘वाचनात मागे’ ठरवलं, तेच लोक मंत्रालयाच्या मसुद्यावर बोट ठेवून सांगतात की हे वाक्य चालणार नाही. त्यांचं हे कौशल्य भाषातज्ज्ञाकडे नसतं. कुठे अडखळायला होतं हे अडखळणाऱ्यालाच नेमकं माहीत असतं. त्या कौशल्याचे पैसे देणं हा न्याय आहे आणि चहा-बिस्किटांवर ते करून घेणं हा अन्याय आहे.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. सोपं करताना अर्थ गळतो, मजकूर रूक्ष होतो, असं जर्मनीत अनेकांनी म्हटलं. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. कराराच्या वीस अटींतल्या पाचच सांगितल्या, तर उरलेल्या पंधरा कुणी वगळल्या आणि का, हा प्रश्न उरतोच. म्हणून सुलभ मजकुरावर मूळ मजकूर कुठे मिळेल ते लिहावं, आणि काय गाळायचं या चर्चेतही वाचकगट असावा. शिवाय ज्याला एक सोपं पान पुरतं त्याला ते द्यावं, ज्याला पुरत नाही त्याच्यासोबत बोलायला माणूस द्यावा. उतार एकदा बांधला की चाकांच्या प्रत्येक खुर्चीला चालतो. मजकुराचं तसं नाही, तो प्रत्येक विषयासाठी आणि प्रत्येक वाचकगटासाठी नव्याने घडवावा लागतो.

कायदा काय म्हणतो

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. सार्वजनिक इमारतींवरचे फलक वाचायला आणि समजायला सोपे असावेत, असं त्या कराराच्या नवव्या कलमात आहे. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येत ब्रेल आणि सांकेतिक भाषेच्या बरोबरीने सोपी भाषा येते. कलम ११ निवडणूक आयोगावर जबाबदारी टाकतं की मतदानासंबंधीचं सगळं साहित्य दिव्यांगांना सहज समजेल असं असावं. आपल्याकडे बौद्धिक अक्षमता आहे एवढ्यानेच मताधिकार जात नाही; सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलं तरच मतदारयादीतून नाव जातं. जर्मनीत सर्व बाबतींत पालकत्वाखाली असलेल्या ८० हजारांहून अधिक लोकांना हा अधिकार २०१९ च्या न्यायालयीन निकालानंतर मिळाला. आपल्याकडे हक्क आहे, पण तो बजावण्यासाठी लागणारा समजेल असा कागद मतदाराच्या हातात क्वचितच असतो.

सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. एका तालुक्याने तीन कागद निवडावेत: हयातीच्या दाखल्याची सूचना, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात कसं जायचं याची माहिती आणि मतदानाच्या दिवशी काय करायचं याचं पत्रक. जवळच्या विशेष शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या, कार्यशाळेत काम करणाऱ्या सहा-सात प्रौढांना तपासनीस म्हणून मानधनावर बोलवावं. मसुदा त्यांच्यापुढे ठेवावा, ते अडखळतील तिथे खूण करावी आणि पुन्हा लिहावं. तीन कागद नीट झाले की चौथ्याला लागणारी समज कार्यालयात तयार झालेली असेल. हेच कागद नवसाक्षर आजीला, पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या शिक्षकाला आणि मराठी नुकतंच शिकणाऱ्या परप्रांतीय मजुरालाही उपयोगी पडतील. तरी त्यांचा पहिला हक्कदार बौद्धिक अक्षमता असलेला नागरिकच राहील, कारण त्याला समजेल असं लिहिलं नाही तर तो कागद त्याच्यासाठी लिहिलेलाच नसतो.